कंटेनर निघायच्या आधी भांडणाची सोय: द्राक्ष निर्यातीच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कायदे, पायरी पायरीने

निफाड, दिंडोरी, तासगाव पट्ट्यातले बरेच जण आता कुणा मोठ्या एक्सपोर्टरच्या मागे न लागता स्वतःच्या फर्मच्या नाहीतर शेतकरी कंपनीच्या नावावर थेट रॉटरडॅमला माल पाठवायला लागलेत, आणि ते चांगलंच आहे. पण आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) काढला, अपेडाचं (शेतमालाची निर्यात बघणारी केंद्र सरकारची संस्था) रजिस्ट्रेशन झालं, पॅकहाऊस ठरलं की सगळ्यांना वाटतं कागदाचं काम संपलं. खरेदीदाराशी करार म्हणजे काय, तर दोन-चार ईमेल, एक प्रोफॉर्मा इनव्हॉइस (आगाऊ पाठवलेलं कच्चं बिल) आणि व्हॉट्सॲपवर "ओके डन". मग मालाला क्लेम लागला (माल खराब म्हणून खरेदीदाराने पैसे कापायला सांगितलं), पैसे अडकले की विचारतात, आता केस कुठे करायची? त्याचं उत्तर करारात लिहिलेलं असतं, नाहीतर कुठेच नसतं. म्हणून हा लेख. उदाहरण द्राक्षाचं आणि नेदरलँड्सचं घेतलंय, पण डाळिंब, कांदा, मसाले, इंजिनिअरिंगचे पार्ट असलं काहीही असलं तरी सांगाडा हाच.

आधी एक गैरसमज काढून टाका: डब्ल्यूटीओ तुमचं कोर्ट नाही

डब्ल्यूटीओमध्ये, म्हणजे जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेत, फक्त सरकारं भांडतात. तुमच्या खरेदीदाराने पैसे बुडवले म्हणून जिनिव्हाला कुणी तुमचं ऐकणार नाही. पण तिथले नियम तुमच्या मालाला शिवत नाहीत असंही नाही. आपल्या उसाचंच बघा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली की एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) आणि साखर निर्यातीची सबसिडी नियमात बसत नाही, डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलने निकाल भारताच्या विरोधात दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केलं. आता गंमत अशी की अपील ऐकणारी बॉडीच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेली आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. म्हणजे अपील गेलं ते तसंच लटकलेलं. सरकारांचीच ही गत आहे, त्यामुळे आपण आपला दोर आपणच वळायचा.

पायरी १: माल त्यांच्या नियमात बसतो का

युरोपात द्राक्ष अडतं ते बहुतेक वेळा औषधाच्या अंशावर, म्हणजे एमआरएलवर (फळात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा). डब्ल्यूटीओचा एसपीएस करार देशांना अन्नसुरक्षेचे नियम करायची मोकळीक देतो, फक्त त्याला शास्त्रीय आधार हवा. त्यामुळे "त्यांची मर्यादा फार कडक आहे" ही तक्रार दिल्लीने करायची, तुम्ही नाही. २०१० चा सीजन जुन्या बागायतदारांना आठवत असेल, क्लोरमेक्वाट म्हणजे सीसीसी हे वाढ रोखणारं औषध सापडलं आणि कंटेनरच्या कंटेनर तिकडे अडकले. अपेडाची ग्रेपनेट (माल कुठल्या बागेतला ते शोधता येणारी नोंद) आहे, मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र रेफरल लॅब म्हणून बसलेलं आहे, पण करारात तुमच्या बाजूने एक वाक्य हवंच: मालाची तपासणी शिपमेंटच्या आधी अमुक लॅबच्या रिपोर्टवर, आणि एमआरएल शिपमेंटच्या तारखेला लागू असलेली. नाहीतर माल समुद्रात असताना मर्यादा बदलली तर भुर्दंड कुणाचा यावर वाद होतो.

काही सुपरमार्केट सरकारी एमआरएलच्याही खालची स्वतःची मर्यादा लावतात, तो सरकारी नियम नाही, तो करार आहे. मान्य असेल तरच सही करा.

पायरी २: विक्री आहे की कन्साइनमेंट, हे एकदाचं ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. एका रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये साधारण १३-१४ टन द्राक्ष जातं. ते तुम्ही ठराविक भावाने विकलंय का तिकडे विकून येतील तेवढे पैसे खर्च कापून घेणार आहात, म्हणजे कन्साइनमेंट? दुसऱ्या प्रकारात इम्पोर्टर नंतर अकाउंट सेल (विक्रीचा हिशोब) पाठवतो, त्यात भाडं, कोल्ड स्टोरेज, रिपॅकिंग, कमिशन सगळं वजा करून खाली एक आकडा असतो आणि तो आकडा तपासायला तुमच्या हातात काही नसतं. मिनिमम गॅरंटी प्राइस ठरवत असाल तर ती कशावर, कुठल्या पॉइंटला, क्वालिटी क्लेम आला तर ती गॅरंटी टिकते का उडते, हे लिहा. रिपॅकिंगचा दर आणि कमिशनचे टक्के आधीच लिहून घ्या, आणि विक्रीच्या मूळ बिलांच्या कॉपी मागायचा हक्क पण.

पायरी ३: इन्कोटर्म

इन्कोटर्म म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते ते सांगणारे ठरीव शब्द. आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय व्यापारी संघटना) इन्कोटर्म्स २०२० मध्ये ११ टर्म आहेत, पण आपल्याकडे सवयीने एफओबी (माल जहाजावर चढवून देणं) नाहीतर सीआयएफ (भाडं आणि इन्शुरन्स धरून भाव) टाकतात. कंटेनरला एफओबी खरं तर बसत नाही. कारण कंटेनर तुम्ही न्हावा शेवाच्या टर्मिनलवर सोडून आलेला असता, तुमचा ताबा संपलेला, पण एफओबीमध्ये जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमचीच. यार्डात रीफरचा प्लग निघाला तर नुकसान कुणाचं, तर तुमचं. एफसीए टाकलं तर ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात दिलं की जोखीम सुटते.

सीआयएफमध्ये उलट गैरसमज असतो. भाडं आणि इन्शुरन्स तुम्ही भरता म्हणून लोकांना वाटतं रॉटरडॅमपर्यंत जोखीम पण आपली. तसं नाही, जोखीम जहाजावर माल चढला की खरेदीदाराकडे जाते. मात्र सीआयएफला सगळ्यात कमी दर्जाचा इन्शुरन्स, म्हणजे सी क्लॉज, काढला तरी चालतो, आणि त्यात रीफर मशीन बंद पडून माल गेला तर काही मिळत नाही. ते कव्हर वेगळं मागून घ्या. उशिरामुळे झालेलं नुकसान तर सगळ्यात मोठ्या कव्हरच्या ए क्लॉजमध्ये पण बसत नाही.

टर्म लिहिताना ठिकाण आणि वर्ष दोन्ही लिहा. नुसतं "सीआयएफ" अर्धवट आहे.

पायरी ४: कायदा कुणाचा

एक आंतरराष्ट्रीय करार आहे, व्हिएन्ना १९८०, मालाच्या विक्रीवरचा, लोक त्याला सीआयएसजी म्हणतात. नेदरलँड्स, जर्मनी, चीन, अमेरिका त्यात आहेत. भारत नाही, ब्रिटन पण नाही. म्हणून आपल्याकडे वकिलांना पण कधी कधी वाटतं की याचा आपल्याशी संबंध नाही. पण करारात "डच कायदा लागू" असं लिहिलं की सीआयएसजी आपोआप आत येतो, कारण तो डच कायद्याचाच भाग आहे. नको असेल तर "सीआयएसजी वगळून" असे शब्द स्पष्ट लिहावे लागतात.

आता तो आपल्याला वाईटच आहे का? माझ्या मते नाही. नाशवंत मालाच्या विक्रेत्याला त्यातला एक नियम फार कामाचा आहे: खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासला पाहिजे आणि खराबी नेमकी काय ते वाजवी वेळेत कळवलं पाहिजे, नाहीतर त्याचा हक्क जातो. महिन्याभराने "माल मऊ होता" म्हणणाऱ्याला तिथे फार किंमत मिळत नाही.

कायदाच लिहिला नसेल तर? युरोपियन कोर्ट रोम १ नावाच्या नियमाने बघतं, आणि माल विक्रीच्या करारात साधारणपणे विक्रेत्याच्या देशाचा कायदा धरतं, म्हणजे आपला करार कायदा १८७२ आणि माल विक्री कायदा १९३०. ऐकायला बरं वाटतं, पण डच जजसमोर भारतीय कायदा समजावून सांगायचा खर्च तुमच्याच बोकांडी बसतो. लिहिलेलं बरं.

पायरी ५: कोर्ट का लवाद

नाशिकच्या कोर्टात केस करून डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) मिळवलीत असं धरू. खरेदीदाराची मालमत्ता नेदरलँड्समध्ये. दोन देशांत कोर्टाच्या निकालांची परस्पर अंमलबजावणी करायचा करार नाही, त्यामुळे तिकडे जाऊन परत दावा लावावा लागतो, तुमची डिक्री फार तर वजनदार पुरावा. उलट बाजूने मात्र सगळे देश सारखे नाहीत हे लक्षात ठेवा: ब्रिटन, सिंगापूर, आणि जानेवारी २०२० पासून यूएई, यांच्या वरच्या कोर्टांचे पैशाचे निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली आपल्या जिल्हा कोर्टात थेट वसुलीला लावता येतात. म्हणजे दुबईच्या पार्टीने तिकडे केस केली आणि नोटीस आली तर ती फाडून टाकायची चीज नाही.

लवादाचं, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निकाल घ्यायच्या पद्धतीचं, तसं नाही. परदेशी लवादाचे निकाल मानायच्या न्यूयॉर्क करार १९५८ मध्ये १७० च्या वर देश आहेत, भारत आणि नेदरलँड्स दोन्ही आहेत. सिंगापूरला झालेला अवॉर्ड (लवादाचा निकाल) नेदरलँड्सच्या कोर्टात अंमलबजावणीला जातो आणि नाकारायची कारणं मोजकीच आहेत, केस परत उघडून बघत नाहीत. म्हणून परदेशी पार्टीशी लवादच.

पण लवादाचं कलम अर्धवट लिहिलं तर ते नसल्यापेक्षा वाईट. एका करारात मी वाचलेलं: "वाद झाल्यास मुंबई किंवा रॉटरडॅम कोर्टात अथवा आर्बिट्रेशनने सोडवला जाईल." आता यातलं काय? दोन्ही पार्ट्यांचे वकील नुसतं हेच भांडत बसतील, द्राक्षापर्यंत कुणी येणारच नाही. कलमात पाच गोष्टी हव्यात आणि पाचही एका दमात लिहा: कुठल्या संस्थेच्या नियमांनी, सीट कुठे, लवाद (म्हणजे पंच) किती, भाषा कोणती, कराराला कायदा कोणता. "मुंबईच्या एमसीआयएच्या नियमांनुसार, सीट मुंबई, एकच लवाद, इंग्रजीत, करार भारतीय कायद्याने" एवढं पुरतं (एमसीआयए म्हणजे मुंबईतली लवादाची संस्था).

सीट म्हणजे सुनावणीची जागा नव्हे. सुनावणी झूमवर झाली तरी चालते, सीट म्हणजे कुठल्या देशाचं कोर्ट त्या लवादावर देखरेख करणार ते. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या बाल्को निकालानंतर सीट परदेशात असेल तर अवॉर्ड रद्द करायला आपलं कोर्ट हात घालत नाही. आणि संस्थेचं नाव लिहिलंच नाही आणि लवाद कोण यावर एकमत झालं नाही तर, एक पार्टी परदेशी असल्यामुळे, नेमणुकीचा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात जातो. एका कंटेनरसाठी दिल्ली, वकिलाची फी, तारखा, बघा परवडतंय का.

खर्चाचं खरं बोलायचं तर तीन लवाद आणि लंडन असलं काही छोट्याने घेऊच नये. आपल्या लवाद कायद्यात कलम २९ब ची फास्ट ट्रॅक आहे, दोघांनी लेखी मान्य केलं तर एकच लवाद, फक्त कागदपत्रांवर, ६ महिन्यांत. सिंगापूरच्या एसआयएसी या लवाद संस्थेने २०२५ च्या नियमांत १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी ३ महिन्यांची सुटसुटीत पद्धत आणली आहे. समोरची पार्टी मुंबईला नाही म्हणाली तर सिंगापूरवर तडजोड करा, ते बहुतेकांना चालतं.

पायरी ६: बंदी, युद्ध, उशीर

लासलगावकरांना वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला उघडली, तीही किमान दर ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क लावून. करार कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे काम बेकायदेशीर झालं तर करार सुटतो, पण लागू कायदा परदेशी असेल तर हे कलम तुमच्या कामाला येईलच असं नाही. म्हणून फोर्स मेज्युअरच्या (हाताबाहेरची अडचण आली तर सुटका देणाऱ्या) कलमात "सरकारी निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य, निर्यात शुल्क" हे शब्द घाला. शुल्क वेगळं लिहायचं कारण असं की शुल्क वाढल्याने काम अशक्य होत नाही, महाग होतं, आणि महाग झालं म्हणून करार सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात हेच सांगितलं, तिथे विषय इंडोनेशियाच्या कोळशाच्या वाढलेल्या भावाचा होता.

सुएझचं पण तसंच. १९५६ मध्ये कालवा बंद झाला तेव्हा सुदानचे शेंगदाणे हॅम्बुर्गला सीआयएफ विकणाऱ्या एकाने करार सुटला म्हणून हात वर केले, केस लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि १९६१ ला निकाल आला की आफ्रिकेला वळसा घालून पाठवायचे होते. २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं परत तोच वळसा घालायला लागली. पण शेंगदाणे महिनाभर जास्त टिकतात, द्राक्ष नाही. त्यामुळे वळशाने वाढलेलं भाडं कुणी भरायचं आणि जास्तीच्या दिवसांत माल उतरला तर भाव कसा ठरणार, ह्या दोन ओळी आता करारात असल्याच पाहिजेत.

पायरी ७: पैशाची सोय

एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे द्यायची लेखी हमी) मिळत असेल तर घ्या, जमलं तर भारतातल्या बँकेने कन्फर्म केलेली, म्हणजे तिनेही हमी दिलेली. एलसीला यूसीपी ६०० हे बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम लागू असतात आणि त्यांचं तत्त्व एकच, बँक कागद बघते, माल नाही. हे दुधारी आहे. माल उत्तम पण इनव्हॉइसवर मालाचं वर्णन एलसीशी जुळत नसलं तर बँक पैसे अडवते. शिपमेंटनंतर २१ दिवसांत आणि एलसीच्या मुदतीत कागद सादर करा, बँकेला तपासायला ५ कामाचे दिवस असतात. ड्राफ्ट एलसी आली की तेव्हाच वाचा, ज्या अटी आपल्या हातात नाहीत (खरेदीदाराच्या माणसाने सही केलेलं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट वगैरे) त्या काढायला लावा.

पण खरी गोष्ट ही की द्राक्षात एलसी क्वचित मिळते. मग थोडा ॲडव्हान्स आणि बाकीच्याला ईसीजीसी, म्हणजे निर्यातीच्या पैशाचा विमा देणारी सरकारी कंपनी. तर ईसीजीसीबद्दल एक बारीक कलम नीट वाचा: खरेदीदार बुडाला, त्याने पैसे दिलेच नाहीत, याला कव्हर आहे, पण त्याने क्वालिटीचा वाद काढला तर तो वाद तुमच्या बाजूने सुटेपर्यंत, म्हणजे त्याच्या देशातल्या कोर्टाचा हुकूम तुम्ही आणेपर्यंत, क्लेम मिळत नाही. आणि पैसे द्यायचे नसलेला माणूस पहिलं काय काढतो? क्वालिटीच. म्हणून वरचं लवादाचं कलम पॉलिसी घेतानाच ईसीजीसीला दाखवा, अवॉर्ड चालेल का ते लेखी विचारून ठेवा. ओव्हरड्यूची (मुदत उलटलेल्या बिलाची) माहिती वेळेत न कळवणं हे पण क्लेम नाकारायचं कारण होतं.

परदेशातून पैसे आणायची मुदत ९ महिने होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिने झाली. अडकलं तर मुदत संपायच्या आधी बँकेकडे वाढ मागा, नाहीतर शिपिंग बिल ईडीपीएमएसमध्ये (रिझर्व्ह बँकेची निर्यातीच्या पैशाची नोंद) उघडं राहतं आणि पुढच्या मालाला त्रास.

पायरी ८: क्लेमचा ईमेल आला, आता काय

साधारण असा येतो: दोन ओळी, सहा फोटो, आणि "३० टक्के डिस्काउंट द्या नाहीतर माल डंप करतो." घाईने "ठीक आहे, बघू" असं काही लिहू नका, ती कबुली धरली जाते. त्याच दिवशी उत्तर द्या की क्लेम मान्य नाही, हक्क राखून ठेवतोय, आणि स्वतंत्र सर्व्हेअर नेमा, खर्च कुणाचा ते करारानुसार. करारात आधीच लिहिलेलं असावं की कंटेनर उघडल्यापासून ४८ तासांत क्लेम, तोही सर्व्हेअरच्या रिपोर्टसह.

फोटोत काय बघायचं: पेटीवरचा लॉट नंबर दिसतोय का, पॅलेटवरची पेटी आहे का सुटी आणून ठेवलेली, तारीख. आणि सगळ्यात आधी कंटेनरमधल्या डेटा लॉगरची फाइल मागा, ती आपण पॅकहाऊसला लोडिंगच्या वेळी टाकलेली असते. तापमानाची रेघ पोर्टपर्यंत सपाट आणि रॉटरडॅमला उतरल्यावर वर गेलेली असेल तर गोष्ट त्यांच्या गोदामातली. समुद्रात मध्येच वर गेली असेल तर शिपिंग लाइनला पण लगेच पत्र द्या. वरवर न दिसणारं नुकसान ३ दिवसांत कळवायचं असतं आणि दाव्याची मुदत फक्त १ वर्ष. खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत म्हणून ते वर्ष थांबत नाही, यात कितीतरी चांगले दावे मेलेत.

बोलण्यातून सुटलं नाही तर लवादाची लेखी नोटीस. भारतीय कायद्यात ती समोरच्याला मिळाली त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात आणि तुमच्या ३ वर्षांच्या मुदतीचं घड्याळ तिथे थांबतं, त्यामुळे नोटीस कुरियरने आणि ईमेलने दोन्हीकडे पाठवून पोच जपा.

जाता जाता, तिकडे कंपनी काढायची असेल तर

धंदा वाढला की लोक रॉटरडॅमला किंवा दुबईत स्वतःचं ऑफिस, कोल्ड स्टोअर टाकायचा विचार करतात. इथून तुम्ही विक्रेते राहत नाही, गुंतवणूकदार होता, आणि तिकडच्या सरकारने काही अन्याय केला तर थेट सरकारविरुद्ध लवाद करायची सोय दोन देशांतल्या गुंतवणूक करारात असते. आपल्याला हे उलट्या बाजूने माहिती आहे: दाभोळला एन्रॉनचं फिसकटल्यावर त्या प्रकल्पातल्या परदेशी कंपन्यांनी मॉरिशसच्या करारावर भारताला लवादात ओढलं, ते २००५ ला मिटवलं गेलं. व्होडाफोनने नेदरलँड्सच्या करारावर २०२० मध्ये भारताविरुद्ध अवॉर्ड मिळवला. मधल्या काळात भारताने असे बरेच करार संपवून टाकले, त्यात २०१६ मध्ये नेदरलँड्सचा पण गेला. त्यामुळे रॉटरडॅमला आज नवीन पैसा टाकलात तर त्या कराराचं छत्र तुम्हाला नाही. यूएईशी मात्र नवा करार ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे, फक्त आधी तिथल्या कोर्टात ३ वर्षं प्रयत्न करावे लागतात, मग लवाद.

पैसे पाठवायच्या आधी बँकेत एफसी फॉर्म (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज), रिझर्व्ह बँकेचा यूआयएन नंबर (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक), आणि मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (तिकडच्या कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल). तो राहिला तर लेट फी लागते आणि पुढचा पैसा बँक सोडत नाही, सीएला आत्ताच सांगून ठेवा कारण तिकडची बॅलन्सशीट यायलाच ऑक्टोबर उजाडतो.